पाच वाजताची भूक आणि किडनीचा आजार

किडनीच्या दीर्घ आजाराबद्दल आलेल्या पत्रांमध्ये या वेळी बरीच पत्रं मधल्या वेळच्या खाण्याविषयीची आहेत. नावं वगळून, थोडक्यात करून ती इथे घेतली आहेत. उत्तरांतली चमच्यांची मापं सपाट चमच्याची आहेत, शीग लावलेल्या नव्हे. चहाचा एक सपाट चमचा मीठ म्हणजे ५ ते ६ ग्रॅम.

माझे पती ५८ वर्षांचे आहेत. मधुमेह नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम किती चालतं ते दाखवणारी रक्ततपासणी) २.४, पोटॅशियम ४.६. ओळखीच्या एकाने ‘किडनीत काय बंद’ अशी यादी पाठवली. त्यात फळं, डाळी, बटाटा, शेंगदाणे, दूध, सगळंच आहे. संध्याकाळी ते नुसता चहा घेतात. चार महिन्यांत वजन ६२ वरून ५८ वर आलं. त्यांना काय द्यावं? — सातारा

आधी ती यादी फाडून टाका. तुमच्या पत्रातला सगळ्यात काळजीचा आकडा क्रिएटिनिनचा नाही, ते उतरलेलं चार किलो वजन आहे. पोटात पुरेसं इंधन गेलं नाही की शरीर स्वतःचे स्नायू जाळतं, आणि त्यातून निघालेला युरिया शेवटी किडनीलाच बाहेर टाकावा लागतो. म्हणजे पथ्य म्हणून उपाशी ठेवायचं आणि किडनीवरचा बोजा वाढवायचा, असा उलटा कारभार होतो.

पोटॅशियमचं पथ्य रक्तातल्या पोटॅशियमवर ठरतं, आजाराच्या नावावर नाही. बहुतेक प्रयोगशाळांत ३.५ ते ५ किंवा ५.५ पर्यंत पातळी ठीक धरतात. ४.६ असताना सगळी फळं आणि डाळी बंद करायला काहीच कारण नाही. पोटॅशियम ५.५ च्या पुढे जाऊ लागलं तर मात्र आवळायला लागतं. तेव्हाही दोष नेहमी ताटाचाच असतो असं नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, बद्धकोष्ठता, रक्तातलं वाढलेलं आम्ल यांनीही पोटॅशियम चढतं. त्यामुळे गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय केळ्याला गुन्हेगार ठरवू नका.

डायलिसिस सुरू नसलेल्या स्थिर रुग्णाला साधारणपणे दर किलो वजनामागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगतात. ५८ किलोला ते दिवसाला ३५ ते ४६ ग्रॅम होतात. उष्मांक मात्र किलोमागे २५ ते ३५ लागतात, म्हणजे दिवसाला सुमारे १,४५० ते २,०००. प्रथिनं मोजून आणि उष्मांक भरपूर, हे गणित दोन जेवणांत बसत नाही. म्हणूनच पाच वाजताचं खाणं औषधाइतकं महत्त्वाचं.

४० ग्रॅम पोहे आणि दोन चहाचे चमचे तेल यांचे कांदेपोहे साधारण २२० उष्मांक देतात, प्रथिनं जेमतेम ३ ग्रॅम. तांदळाची दोन घावनं, शेवयांचा किंवा रव्याचा उपमा, घरी लावलेले चुरमुरे, तूपसाखर लावलेली पोळी, हे सगळं चालेल. तेलतूप घालताना हात आखडू नका, मिठाला आखडा. पुढच्या तपासणीत पोटॅशियम असंच राहिलं तर पोह्यांवर आठदहा दाणेही पडू द्या. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर लिहून ठेवा. पाय सुजले असतील तर काटा फसवतो. पाणी साठून वजन वाढतं आणि खाली मांस उतरत असतं.

आम्ही घरी साधं मीठ बंद करून सैंधव वापरतो. फरसाण आणलेलं नाही. आठवड्यातून दोनतीनदा घरचा ढोकळा होतो. तरी रक्तदाब आणि पायांची सूज उतरत नाही. — नाशिक

सैंधव, पादेलोण, साधं मीठ, तिन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग आणि वास वेगळा, किडनीला हिशेब तोच. सैंधव ‘औषधी’ म्हणून हात सैल सुटतो, तेवढाच फरक पडतो.

आता ढोकळ्याकडे या. दिवसभरात सोडियम २,००० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं असतं, म्हणजे एकूण मीठ ५ ग्रॅम. फ्रूट सॉल्टच्या, म्हणजे ढोकळा फुगवायला घालतात त्या सोडा असलेल्या पुडीच्या, ५ ग्रॅममध्येच ८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. पिठात एक चमचा मीठ घातलं की आणखी २,००० तरी आलं. त्या ढोकळ्याचे चार जणांत भाग केले तर माणशी ७०० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या वाट्याचा तिसरा हिस्सा. चटणी अजून वाढलीच नाही. चवीला खारट लागत नाही म्हणून सोडा लक्षात येत नाही. खाण्याचा सोडाही सोडियमच देतो, एका चमच्यात १,२०० मिलिग्रॅमहून जास्त. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो, तोही सोडियमचाच क्षार. त्यामुळे भाजलेला पापड तेल वाचवतो, सोडियम नाही.

आंबवून फुगणारे पदार्थ करा. इडली रात्रभर नीट आंबली की सोडा लागत नाही. थंडीत पीठ फुगत नाही म्हणून चिमूटभर सोडा टाकण्याची सवय असते. त्याऐवजी भांडं दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये किंवा कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा. दोन इडल्यांबरोबर सांबार नको, चमचाभर ओल्या नारळाची बिनमिठाची चटणी पुरे. मीठ कमी झालेली चव लिंबू, भाजलेलं जिरं, मिरी, लसूण, कढीपत्ता यांनी भरून निघते. जीभ सरावायला महिना-दोन महिने लागतात. पहिल्या आठवड्यात घरातले कुरकुरतील, त्याला इलाज नाही.

दुकानात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं ते मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. सोडियम कमी करण्यासाठी त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. त्याचं प्रमाण ३० टक्के असेल तर ५ ग्रॅम मिठातून सुमारे ७८० मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जातं, दोन केळ्यांच्या जवळपास. वर ते क्षाराच्या रूपात असल्याने जवळपास सगळंच शोषलं जातं.

एक खुलासा: रक्तातलं आम्ल कमी करायला डॉक्टरांनी सोडाबायकार्बच्या गोळ्या दिल्या असतील तर हे वाचून त्या थांबवू नका. त्या औषध आहेत, त्यांचा हिशेब डॉक्टर धरतात.

आईचं पोटॅशियम ५.४ आहे. ती एकादशी सोडायला तयार नाही. साबुदाणा तर डॉक्टरांनी चालेल म्हटलंय. मग उपवासानंतरच्या तपासणीत आकडा का वाढतो? — पंढरपूर

साबुदाणा बिचारा निर्दोष आहे. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. पोटॅशियम, फॉस्फरस, प्रथिनं, तिन्ही नगण्य. गडबड त्याच्या सोबत्यांची आहे. दोघांच्या खिचडीत अर्धी वाटी दाण्याचं कूट (५० ग्रॅम) आणि एक बटाटा (१०० ग्रॅम) पडला की कुटातून ३५० आणि बटाट्यातून ४२५ मिलिग्रॅम पोटॅशियम येतं, म्हणजे ताटात जवळपास ३९० मिलिग्रॅम. मग दुपारी केळं, चारला शहाळं, रात्री वरीबरोबर दाण्याची आमटी आणि उकडलेलं रताळं. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते इथे पोटॅशियमला लागू पडतं.

खिचडी अशी करून पाहा. दोघांसाठी एक वाटी साबुदाणा पाणी नितळ येईपर्यंत तीनचारदा धुवा. वरचं सुटं पीठ गेलं नाही तर खिचडीचा गचका होतो. पाणी साबुदाण्याच्या वर अर्ध्या पेरापेक्षा जास्त नको. चारपाच तासांनी दाणा बोटांत सहज चेपला गेला पाहिजे, मधे कणी राहता कामा नये. कूट कमी केलं की खिचडी चिकटते ही खरी अडचण आहे, कारण कुटातलं तेल आणि भरड दाण्यादाण्यांना वेगळं ठेवते. म्हणून फोडणीआधी भिजलेल्या साबुदाण्याला चमचाभर पातळ तूप आणि अर्धा चमचा साखर चोळा. कूट दोनच चहाचे चमचे, जोडीला दोन चमचे ओलं खोबरं. मीठ पाव चमचा. परतताना आच मध्यम ठेवा, झाकण एकदाच आणि दोन मिनिटं. दाणा पारदर्शक दिसला की गॅस बंद.

बटाटा हवाच असेल तर अर्धाच, पण कुकरमध्ये सालासकट उकडलेला नको. त्यात पोटॅशियम आतच कोंडून राहतं. साल काढून एक सेंटिमीटरच्या फोडी करा, पाचपट पाण्यात उकळा, अर्ध्यावर पाणी ओतून नवं उकळतं पाणी घाला, शिजल्यावर तेही फेका. यात निम्मं किंवा त्याहून जास्त पोटॅशियम निघून जातं. ‘रात्रभर थंड पाण्यात फोडी भिजवा’ हा सल्ला फार ऐकू येतो, पण नुसत्या भिजवण्याने बटाट्यातलं फारसं काही उतरत नाही. काम उकळी करते. अशा रीतीने ताटातलं पोटॅशियम ३९० वरून साधारण १०० वर येतं.

वरीचा भात चालेल, पण दाण्याच्या आमटीऐवजी काकडीची कोशिंबीर, कूट न घालता. राजगिऱ्याच्या वड्यांत फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही असतं, एखादी ठीक. खजूर-मनुका नकोत. निर्जळी किंवा दिवसभर काहीच न खाणं मात्र टाळायला सांगा. लांब उपाशीपोटी शरीरात इन्सुलिन उतरतं, तसं पेशींमधलं पोटॅशियम रक्तात येतं. किडनी अगदी थकलेल्यांत काही न खाताही पोटॅशियम चढतं ते यामुळे.

पाकिटावर नेमकं काय वाचायचं? ‘बेक्ड’, ‘मल्टिग्रेन’ लिहिलेलं घेतो. — पुणे

पुढची बाजू वाचूच नका, ती जाहिरात आहे. पाकीट उलटं करा. सोडियमचा आकडा १०० ग्रॅममागे दिलेला असतो. १२० मिलिग्रॅमपर्यंत कमी, ६०० च्या वर जास्त. मग तुम्ही किती खाणार ते वजन करून पाहा. ८०० लिहिलं असेल आणि ३० ग्रॅमची वाटी खाल्ली तर २४० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मिठाचं वजन निघतं. पाकिटातून थेट खाल्लं तर वाटी कुठे संपली हे कळत नाही.

पोटॅशियम आणि फॉस्फरसचे आकडे आपल्याकडच्या पाकिटांवर सहसा नसतात. तिथे घटकांच्या यादीतले आयएनएस क्रमांक, म्हणजे खाण्यात मिसळलेल्या रसायनांचे ठरलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक, कामी येतात. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल, काळ्या कोलात असतं. ३३९, ३४०, ३४१, ४५०, ४५१, ४५२ हे सगळे फॉस्फेट. चीजच्या स्लाइस, इन्स्टंट नूडल्स, काही केक-बिस्किटं यांत शोधा. ५०८ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ५०० म्हणजे सोडा.

हे क्रमांक का शोधायचे? डाळी-दाण्यांतला फॉस्फरस फायटेट या त्यांच्यातल्याच संयुगात बांधलेला असतो, आपल्या आतड्यातून त्यातला निम्म्याहून कमी शोषला जातो. कारखान्यात घातलेला फॉस्फेट ९० टक्क्यांच्या आसपास शोषला जातो. म्हणून रक्तातला फॉस्फरस वाढलेला असताना २० ग्रॅम बिनमिठाचे फुटाणे खाणाऱ्याला घाबरवायचं आणि चीज सँडविचला ‘हलकं’ म्हणायचं हे आम्हाला मुळीच पटत नाही. फुटाण्यांना हिशेब लावायचाच तर तो पोटॅशियमचा लावा. मखाने चांगले, पण साधे आणा आणि घरी तुपावर परता. पुदिना, पेरीपेरी वगैरे मसाला लावलेल्यांत मीठच मीठ.

आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा होतं. कोरडं वजन (अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं) ४८ किलो. दोन डायलिसिसच्या मधे साडेतीन किलो वाढतं. पाणी मोजूनच देतो. शेजारच्या खाटेवरचे लोक म्हणतात, मशीन चालू असताना काहीही खा, धुऊन निघतं. — नागपूर

धुऊन निघत नाही. खाल्लेलं पचून रक्तात यायला काही तास लागतात. चार तासांच्या उत्तरार्धात खाल्लेलं केळं मशीन बंद झाल्यावर पोटॅशियम देतं. शिवाय भरपेट खाल्लं की रक्त आतड्यांकडे वळतं आणि रक्तदाब धाडकन पडू शकतो. खायचं तर निघण्याआधी तासभर, किंवा तिथे पहिल्या तासात थोडंसं, आणि तेही सिस्टरना विचारून. रक्तदाब पडण्याची सवय असेल तर अजिबात नको.

मधल्या काळातली वाढ कोरड्या वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास असावी, म्हणजे तुमच्या आईला सुमारे दोन किलो. पाणी मोजूनही साडेतीन होत असेल तर मीठ शोधा. साधारण ९ ग्रॅम मीठ शरीरात एक लिटर पाणी धरून ठेवतं, आणि खारट खाल्ल्यावर तहान आवरणं कुणाच्याच हातात नसतं. लोणच्याची फोड, चिवडा, ब्रेड-बटर, खारी, आधी हे बंद करा. चहा, ताक, बर्फ, आमटी, पाणीपुरीचं पाणी, सगळं पाण्याच्या मापात धरा. सकाळी दिवसाचं पाणी एका बाटलीत काढा. चहा घेतला की तेवढं बाटलीतून ओतून द्या.

डायलिसिस सुरू झालं की प्रथिनांचा नियम उलटतो. किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, आईला ४८ ते ५८ ग्रॅम. घरातले जुन्या सवयीने डाळही कमी वाढतात आणि माणूस खंगतो. अंडं चालत असेल तर दोन उकडलेले पांढरे भाग, ७ ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस नावालाच. पिवळ्यात तो एकवटलेला असतो. शाकाहारी असतील तर ३० ग्रॅम ताजं, बिनमिठाचं घरचं पनीर मिरी लावून तव्यावर परतलेलं. फॉस्फरस बांधणारी गोळी चालू असेल तर ती अशा खाण्याच्या घासाबरोबरच द्या. तासाभराने घेतलेली गोळी वाया जाते, कारण तिला बांधायला पोटात काही उरलेलं नसतं.

उन्हाळ्यात शहाळं ‘लघवी साफ करतं’ म्हणून रोज घेतो. अंगणात करमळ आणि बिलिंबी आहे, तीही जेवणात असते. जीएफआर (किडनीची रक्त गाळण्याची क्षमता) २२. — सिंधुदुर्ग

तिन्ही आजच थांबवा, पण कारणं वेगळी आहेत.

शहाळ्याच्या २०० मिलिलिटर पाण्यात ५०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. रोज घेण्याजोगं ते राहत नाही, मग लघवी कितीही साफ होवो.

करमळ, म्हणजे कमरख किंवा स्टारफ्रूट, हा पोटॅशियमचा प्रश्नच नाही. त्यात कॅराम्बॉक्सिन नावाचं विष असतं. धडधाकट किडनी ते बाहेर टाकते, तुमची टाकू शकत नाही. आधी न थांबणारी उचकी लागते, मग गोंधळल्यासारखं होतं, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. थोड्याशा फळानेही हे घडलेलं आहे. करमळ खाल्ल्यावर उचकी लागली तर घरगुती उपाय करत बसू नका. डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि काय खाल्लं ते सांगा. बिलिंबीत ऑक्झलेट, म्हणजे किडनीत स्फटिक होऊन साचणारा क्षार, फार असतं. तिचा रस प्यायल्यावर चांगल्या किडन्या अचानक बंद पडल्याची उदाहरणं केरळात नोंदली गेली आहेत.

फळ हवं तर १०० ग्रॅम सफरचंद, नासपती किंवा अननस (पोटॅशियम ११० ते १२०). पपई १८० च्या आसपास. पेरू आणि केळं ३६० ते ४२०, ती रिपोर्ट बघून. कोकम चालेल, पण आगळ नको. ते मिठातच मुरवलेलं असतं.

इन्सुलिन घेतो. चार वाजता घाम येऊन साखर ६० ला येते. तेव्हा केळं किंवा खजूर खातो. — सोलापूर

त्या क्षणी दोन्ही चुकीची. पोटॅशियम आहेच, शिवाय साखर चढायलाही वेळ लागतो. तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर अर्ध्या कप पाण्यात घ्या, पंधरा मिनिटांनी तपासा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. मग दोन इडल्या किंवा एक पोळी खा. गुळाऐवजी साखर, कारण गुळात पोटॅशियम असतं. ओआरएस किंवा ‘एनर्जी’वालं इलेक्ट्रोलाइट पेय नको, त्यातही क्षार असतात. आणि हे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. थकलेली किडनी इन्सुलिन लवकर काढून टाकत नाही, त्यामुळे जुनाच डोस आता जास्त होत असण्याची दाट शक्यता आहे.

दिवाळीत चिवडा तरी? — कोल्हापूर

हो, घरचा. पाव किलो पातळ पोहे उन्हात किंवा मंद आचेवर कुरकुरीत करा. चार मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, हिरवी मिरची, भरपूर कढीपत्ता. मिरची आणि पानं पूर्ण कडक झाली पाहिजेत, ओल राहिली तर चिवडा दोन दिवसांत सादळतो. गॅस बंद करून हळद, धणेपूड. दाणे, डाळं, सुकं खोबरं घालू नका. अर्धा चमचा मीठ, दोन चमचे साखर आणि चिमूटभर लिंबूफूल मिक्सरमधून एकत्र बारीक करा आणि पोहे गरम असतानाच वरून भुरभुरवा. जाड मीठ पोह्यांना न चिकटता तळाशी बसतं, वरचा चिवडा अळणी लागतो आणि मग माणूस आणखी मीठ टाकतो. लिंबूफुलामुळे कमी मीठही पुरेसं वाटतं. २५ ग्रॅमच्या एका वाटीत साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम सोडियम येईल. भडंग आवडत असेल तर बिनमिठाचे चुरमुरे आणून हीच रीत वापरा, लसूण दुप्पट. काही चुरमुरे मिठाच्या पाण्यात भाजलेले असतात, म्हणून घेताना एक दाणा चाखून बघा.